पवनी ते तुमसर : अब्बांच्या जीपसोबत

पवनीहून भंडाऱ्याला निघाले की अड्याळ यायच्या आत अम्मींचे डोके दुखू लागायचे आणि पहेल्यापर्यंत जीप कडेला थांबवावी लागायची. त्या उतरायच्या, उलटी करायच्या, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरायच्या आणि दहा मिनिटे झाडाखाली बसल्या की पुन्हा बऱ्या व्हायच्या. "मला गाडी लागते," असे त्या स्वतःच सांगायच्या. पंचाहत्तरीतल्या बाईला गाडी लागते, यात नवल ते काय? आम्ही आवळासुपारी दिली, लिंबू हुंगायला दिले, ओव्याची पुरचुंडी दिली. डॉक्टरांनी रक्तदाब तपासून गोळी बदलली. फरक काही पडला नाही.

ही गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. अम्मींच्या डोळ्यांच्या उपचारासाठी दर पंधरवड्याला भंडाऱ्याला जावे लागे. रविवार सोडला तर शाळेतून सुटी मिळणे कठीण, म्हणून फज्रनंतर लगेच निघायचे आणि दुपारपर्यंत परतायचे असा आमचा बेत. पहाटे थंडी कडक. वैनगंगेवरून येणारे धुके थेट रस्त्यावर उतरते. जीपला ताडपत्रीचे छत आणि बाजूला पडदे. ते मी घट्ट बांधून घ्यायची, अम्मींना वारा लागू नये म्हणून. आता ते आठवले की अंगावर काटा येतो.

एका खेपेला जीप सुरूच झाली नाही. आम्ही एसटीने गेलो. अम्मी खिडकीशी बसून शेंगदाणे खात खात भंडाऱ्याला पोहोचल्या, परतीला माझ्याशी भांडणही केले, इतक्या ताज्यातवान्या. रात्री जेवताना माझा मुलगा म्हणाला, "मम्मी, नानीला गाडी लागते तर एसटी का नाही लागली?"

मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी शिकवते. वाक्यात कुठे काय खटकते ते मला चटकन कळते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. मुलगा भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिकतो. त्याला तो सुचला.

आता थोडे जीपविषयी. ती १९७२ च्या मॉडेलची महिंद्रा सीजे-३बी. मरहूम अब्बांनी ती सरकारी लिलावात घेतली, तेव्हा मी चालायलाही लागले नव्हते. अब्बांचा तेंदूपत्त्याचा व्यवसाय. एप्रिल-मे महिन्यात जंगलातल्या फडांवर जायचे, पुड्यांचा हिशेब करायचा, पोती भरून गोदामात आणायची. आमच्या जिल्ह्यात विडीने किती घरे चालवली हे इथल्या वाचकांना सांगायला नको. मोटारीला रस्ता लागतो, जीपला फक्त दिशा लागते, असे अब्बा म्हणायचे. त्यांच्यामागे माझ्या भावाने ती चालवली. तो सौदीला गेला आणि जीप माझ्या अंगणात आली.

या जीपच्या घराण्याची एक हकिकत मी वर्गात मुलांना सांगते, तेव्हा मुले अवाक होतात. आज जिला आपण महिंद्रा अँड महिंद्रा म्हणतो ती कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे नाव होते 'महिंद्रा अँड मोहम्मद'. के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद असे भागीदार. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. अमेरिकेच्या विलिज जीपची भारतात जुळणी करून विकणारी ती हीच कंपनी. फाळणीने घरे फुटली, जमिनी फुटल्या हे आपण ऐकतो. एक पाटीही फुटली होती.

तर प्रश्न एसटीचा. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलाने जीपचे बॉनेट उघडले, इंजिन सुरू केले आणि मला बाहेर बोलावले. "ऐक." टिक-टिक-टिक असा आवाज येत होता. मी म्हटले, हा तर नेहमीचाच. तो म्हणाला, "टॅपेटचा असता तर इंजिन तापल्यावरही राहिला असता. आता थांब." पाच मिनिटांनी आवाज खरेच कमी झाला. मग त्याने एक ओले फडके सायलेन्सरच्या शेपटाला क्षणभर दाबून धरले. इंजिनाच्या डाव्या अंगाने फुस्स करून धूर बाहेर आला.

इंजिनात पेट्रोल जळाले की जळका धूर बाहेर पडतो. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारा बीडाचा जाड तुकडा असतो, त्याला मिस्त्री लोक मेनिफोल्ड म्हणतात. आमच्या मेनिफोल्डला तडा गेला होता. थंड असताना तडा उघडा असतो, म्हणून टिक-टिक. लोखंड तापून फुगले की तो मिटतो, आवाज थांबतो आणि माणसाला वाटते बरे झाले. पण पूर्ण मिटत नाही. तड्याभोवती काजळीची काळी रेघ होती, सुरम्याची काडी ओढावी तशी.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात तो भरपूर निघतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, पण या वायूला ते प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटते. म्हणजे श्वास चालू असतो आणि शरीर गुदमरत असते. आधी डोके दुखते, मग मळमळ, चक्कर, गुंगी. गुंगीत माणूस झोपतो आणि उठत नाही. आमच्या जीपचे स्टिअरिंग उजवीकडे, मेनिफोल्ड डावीकडे. पुढच्या डाव्या सीटवर कोण बसायचे? अम्मी. पायाजवळच्या पत्र्याला पन्नास वर्षांत पडलेली भोके, त्यांतून धूर आत यायचा, आणि तो बाहेर जाऊ नये याची सोय मी पडदे बांधून स्वतःच्या हाताने केलेली. मुलाच्या बाजूचा पडदा हात दाखवण्यासाठी उघडा असायचा, म्हणून तो वाचला. मागे बसून माझेही डोके जड व्हायचे. ते मी पेपर तपासण्याच्या खाती टाकत होते.

माझ्या भगिनींना इथे मध्येच सांगते. बंद खोलीत शेकायला ठेवलेली कोळशाची शेगडी आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर, यांतूनही हाच वायू निघतो. थंडीत दार घट्ट लावताना एवढे लक्षात असू द्या.

जीप उभी राहिली. गावातल्या एका गॅरेजने मेनिफोल्ड काढून साध्या वेल्डिंगने जोडून दिला, वर "आता दहा वर्षे बघायचे काम नाही" असे सांगितले. तेराव्या दिवशी त्याच जागी, जोडाच्या शेजारून, पुन्हा तडा. बीड हा हट्टी धातू आहे. तो आधी सगळा तापवून, निकेलच्या काडीने थोडे थोडे भरत, हळूहळू निववावा लागतो. घाईने जोडलेला जोड टिकतो, शेजारचे लोखंड फुटते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मुलाला ठाऊक होते, पण अठरा वर्षांच्या पोराचे गॅरेजमध्ये कोण ऐकते?

नागपूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दोन रविवार घालवले. मेनिफोल्ड मिळाले दोन, दोन्ही तडकलेले. एका दुकानदाराने तर तडा रंगाने झाकला होता. माझ्या शौहरांचे म्हणणे साधे : भंगारवाला चाळीस हजार देतो आहे, देऊन टाका. आईच्या जिवावर बेतले, अजून काय पाहिजे? त्यांचे चुकीचे नव्हते. अम्मी मात्र जीपकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यांचे हे न बोलणे मला लहानपणापासून कळते.

तेव्हा मुलाने मोबाइल पुढे केला. त्यात अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांचे व्हिडिओ. तिकडे १९६०च्या दशकात मोठ्या इंजिनाच्या जोरकस गाड्या निघाल्या, त्यांना 'मसल कार' म्हणतात. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून ती लाट सुरू झाली असे मानतात. हौशी लोक या गाड्यांचा बीडाचा मेनिफोल्ड काढून त्या जागी 'हेडर' बसवतात. हेडर म्हणजे प्रत्येक तोंडाला स्वतंत्र पोलादी नळी, आणि सगळ्या नळ्या पुढे एका गळ्यात मिळतात. बीडाच्या मेनिफोल्डमध्ये एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो, जणू शाळा सुटल्यावर चार वर्ग एकाच दारातून बाहेर पडताहेत. नळ्या वेगळ्या आणि मापात असल्या की एकाचा धूर वेगाने निघून जाताना मागे जी पोकळी सोडतो, ती पुढच्याचा धूर ओढून घेते. इंजिन मोकळा श्वास घेते. त्यांच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना चार-चार नळ्या असतात. खरे सांगायचे तर दिसायला सुंदर दिसते.

"आपण असेच बनवून घेऊ," मुलगा म्हणाला. मग हळूच, "आणि सायलेन्सर काढला तर आवाज पण मस्त येईल."

दुसऱ्या वाक्यासाठी त्याला बोलणी बसली. पहिल्यासाठी आम्ही तुमसरला निघालो.

तुमसरच का, तर त्याच्या आयटीआयच्या सरांनी सांगितले होते की तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत, ज्यांनी चाळीस वर्षे मँगनीजच्या खाणींवर चालणाऱ्या ट्रकांची कामे केली आहेत. नाव मी लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटले.

डिसेंबरचा शेवट होता. जीपचे छत आणि पडदे आम्ही घरीच काढून ठेवले, अम्मींना शेजारच्या खालांकडे सोडले. उघड्या जीपमध्ये थंडीने नाक लाल झाले, पण डोके दुखले नाही. पवनी सोडताना जुन्या कोटाची भिंत मागे राहते. आमच्या या लहानशा गावात १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि जगन्नाथ टेकडीखाली दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला. कोटाच्या दरवाज्यातून अब्बांची जीप जाताना मी मागच्या फळीवर बसून दोन्ही हात पसरायची आणि भिंती शिवतात का ते बघायची.

नदी साथ देत असते, पण रस्त्यावरून फारशी दिसत नाही. दिसतात ते धानाचे पुंजणे. कापणी झालेली, कुठे मळणी चालू, कुठे शेतात पुंजणे रचून वर ताडपत्री टाकलेली. धान निघालेल्या बांध्यांत लाखोळी हिरवी दाटलेली. मधून मधून मालगुजारी तलाव, काठावर शिंगाडे उकडून विकणाऱ्या बाया. जिल्ह्याला तलावांचा म्हणतात ते उगीच नाही. पहेल्याजवळच्या त्या झाडाखाली मुलाने सवयीने वेग कमी केला. अम्मी जीपमध्ये नव्हत्या. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

भंडारा पितळेचे गाव. आता स्टीलने पितळेला मागे टाकले, तरी माझ्या रुखवतातला हंडा इथलाच आहे. चहा घेऊन पुढे वरठी. भंडाऱ्याचे रेल्वे स्टेशन गावात नाही, ते इथे, 'भंडारा रोड' नावाने, आणि शेजारी सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना. मग मोहाडी, मग तुमसर. तांदळाच्या गिरण्यांचा कोंडा हवेत उडत असतो आणि मँगनीज भरून जाणारे ट्रक रस्त्याला काळपट रंग देतात. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी याच तालुक्यातल्या. उत्तरेला टेकड्या दिसतात, त्यांत आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने नागपूर वसवले, त्याचा सुभेदार राजा खान पठाण याने तो सुमारे १७०० मध्ये बांधला. किल्ला बघायचे ठरवले होते, राहून गेले. मिस्त्रींच्या दारात दिवस कुठे गेला कळलेच नाही.

मिस्त्रींनी मेनिफोल्ड हातात घेतला नाही. आधी तड्यावरून फक्त अंगठा फिरवला. म्हणाले, "बाई, ही गाडी कधी पाण्यातून गेली होती का? तापलेली असताना?"

मला क्षणभर काही सुचले नाही. मग आठवले. ऑगस्ट २०२०. महिन्याच्या शेवटी वैनगंगेला पूर आला होता. वरून मध्य प्रदेशातल्या धरणाचे पाणी सुटले आणि भंडारा, पवनी, नदीकाठची गावेच्या गावे पाण्याखाली गेली. माझा भाऊ तेव्हा इथेच होता. दोन दिवस आणि दोन रात्री त्याने जीपमधून माणसे काढली, म्हातारी माणसे, बाळंतिणी, कुणाची शेळी, कुणाचे धानाचे पोते. इंजिन क्षणभर बंद केले नाही, कारण बंद पडले तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. पाणी बॉनेटपर्यंत उडत होते.

"तेव्हाच फुटला हा," मिस्त्री म्हणाले. "लालबुंद बीडावर थंड पाणी. तेव्हा केसाएवढा असेल. मग वाढत गेला." आणि मग मुलाकडे बघून, "बेटा, तडा बघताना गाडीला शिव्या द्यायच्या नाहीत. विचारायचे, कुठे गेली होती."

हेडर बनवायचे म्हटल्यावर त्यांनी मोबाइलमधला व्हिडिओ पूर्ण बघितला, चष्मा पुसून. मग मुलाला तीन गोष्टी ऐकवल्या. पहिली, हे इंजिन रेसचे नाही, ओझ्याचे आहे. सव्वादोन लिटरच्या आतले, सत्तर-बहात्तर घोड्यांचे, कमी फेऱ्यांवर जोर काढणारे. त्याला जाड नळ्या लावल्या तर धुराचा वेग उतरतो आणि चढावर उलट दम जातो. म्हणून नळी मेनिफोल्डच्या तोंडाएवढीच. दुसरी, नळीचा पत्रा पातळ घेतला तर दोन वर्षांत गंजून भोक, आणि पुन्हा तोच धूर. म्हणून जाड सीमलेस नळी. तिसरी, "सायलेन्सर काढून मी देणार नाही. तसे करायचे असेल तर दुसरे दुकान बघ." मुलाने माझ्याकडे बघितले. मी आंबागडच्या दिशेला बघत राहिले.

पहिल्या दिवशी उघडण्याचेच काम झाले. नट पन्नास वर्षांचे. मिस्त्रींनी आदल्या रात्रीच तेल सोडायला सांगितले होते, ते मुलाने सोडले होते, तरी दोन स्टड तुटले. मला वाटले संपले आता. त्यांनी तुटलेल्या बुंध्यावर नवा नट ठेवला, नटाच्या पोटात वेल्डिंग भरले, ते तापून लाल झाले, मग थोडे निवल्यावर पाना लावून आलगद फिरवले. करकर करत स्टड बाहेर आला, बाळाचा दात निघावा तसा. दुसऱ्याला अर्धा तास लागला. संध्याकाळी जीप तिथेच ठेवून आम्ही एसटीने परतलो.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा नळ्या वाकवायच्या होत्या. मोठ्या शहरात यासाठी यंत्र असते. मिस्त्रींनी नळीत सुकी चाळलेली रेती ठोकून ठोकून भरली, दोन्ही तोंडे लाकडी खुंटीने बंद केली, भट्टीवर वाकवायची जागा लाल केली आणि सावकाश वाकवली. आत रेती असल्यामुळे नळी चेपत नाही, गोलाई कायम राहते. कारागिराकडे यंत्र नसले की तो रेती वापरतो, हे मी माझ्या वर्गासाठी लिहून घेतले.

जाड पट्टीतून जुन्या पॅकिंगच्या मापाने फ्लँज कापली. मग मला वाटले आता वेल्डिंग करून टाकतील. नाही. दुकानाच्या कोपऱ्यात अशाच इंजिनाचा एक मेलेला ब्लॉक पडला होता. फ्लँज आधी त्याच्यावर नटांनी घट्ट आवळली, नळ्या लावून नुसते टाके मारले, मग थोडे इथे, थोडे तिथे असे वेल्डिंग केले. मोकळ्या हाताने केले असते तर तापून फ्लँज वाकली असती, आणि वाकलेली फ्लँज कितीही पॅकिंग लावा, धूर सोडतेच. वेल्डिंग झाल्यावर नळीच्या तोंडातली आतली गाठ घासून साफ केली. सगळ्यात शेवटी काचेच्या जाड तुकड्यावर निळी शाई लावून फ्लँज त्यावर टेकवली. जिथे शाई लागली नाही तिथे खड्डा. तीन वेळा घासली, चौथ्यांदा सगळीकडे शाई लागली. मुलगा हे सगळे तोंड मिटून बघत होता. घरी त्याला इतका गप्प मी कधी बघितला नाही.

नटांचे मात्र मला फार आवडले. मिस्त्री म्हणाले, "लोखंडी नट लावले तर परत अडकतील. पितळेचे लावू." पितळ लोखंडाशी गंजून चिकटत नाही, म्हणून धुराच्या बाजूला पितळी नट चांगले. ते त्यांनी भंडाऱ्याच्या एका लेथवाल्याकडून करून आणले होते. अब्बांच्या जीपला भंडाऱ्याचे पितळ लागले. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

बसवताना नट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे, दोन फेऱ्यांत आवळले. इंजिन सुरू केले. टिक-टिक नाही. आवाज थोडा भरीव, थोडा खालच्या पट्टीतला, सायलेन्सर मात्र जुनाच. कार्बोरेटर जरा सोडून पुन्हा जुळवावा लागला. नळ्यांची आंच बीडापेक्षा जास्त जाणवते, म्हणून पेट्रोलची नळी दूर बांधली आणि मध्ये पत्र्याची आड लावली. मुलाला नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची होती, व्हिडिओत तशी होती. मिस्त्री म्हणाले, आपल्या पावसात ती ओल धरून ठेवते आणि नळी आतून खाऊन टाकते. सगळे मिळून साडेनऊ हजार झाले. त्यांनी साडेतीनशे परत केले, पोराने हाताखाली काम केले म्हणून.

जोर वाढला का, असे बरेच जण विचारतात. खरे सांगायचे तर मला फरक कळत नाही. मुलगा म्हणतो चढावर कळतो. तो अठरा वर्षांचा आहे, त्याला कळू द्या.

कायद्याचेही विचारून घेतले, कारण शिक्षिकेच्या गाडीने नियम मोडला तर गावभर होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतली माहिती कंपनीने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळी पडेल असा बदल करता येत नाही. इंजिन, चॅसिस, इंधन असले काही आम्ही बदललेले नाही. सायलेन्सर हवाच, तो १९८९ च्या केंद्रीय नियमांतला नियम १२०. आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडणाऱ्याला कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, परवानाही तीन महिने जातो. आपल्या मोहल्ल्यांतून रात्री अकरा वाजता फटफट करत जाणाऱ्या बुलेटवाल्या पोरांच्या आयांनी हे वाक्य पोरांना वाचून दाखवावे. आजारी माणसे आणि तान्ही मुले त्याच गल्लीत झोपलेली असतात.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'विंटेज' म्हणून नोंदणी करायची सोय २०२१ पासून आहे. 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते, २०,००० रुपये लागतात. मुलाचे डोळे चमकले होते. पण अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढेच. अम्मींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणे त्यात बसत नाही. पाटी राहू दिली, साधी नोंदणी नूतनीकरण करून घेतली.

तरी माझे मन धजेना. शौहरांनी मग एक गोष्ट केली, न बोलता. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र मागवले आणि जीपच्या पुढच्या फळीवर, अम्मींच्या सीटसमोर, बांधून टाकले. पायाजवळची भोके मुलाने पत्रा आणि रबर लावून बुजवली. आठ दिवस मी एकटी बसून हिंडले. अड्याळ, पहेला, भंडारा आणि परत. आकडा शून्य. शंभर किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे इंजिन थंड असताना नट पुन्हा आवळले, दोन नट पाव फेरी फिरले.

फेब्रुवारीत अम्मी बसल्या. त्याच सीटवर. मी मागे, आणि माझी नजर रस्त्यावर नाही, त्या यंत्राच्या आकड्यावर. अड्याळ गेले. अम्मी आजूबाजूला बघत होत्या, कुणाच्या शेतात मळणी राहिली, कुणी नवे घर बांधले, सगळ्यांची चौकशी. मग पहेला आले आणि त्या अचानक गप्प झाल्या. मान खाली आली.

मी ओरडले, गाडी थांबव. मुलाने ब्रेक मारला. मी मागून हात घालून अम्मींचे खांदे गदागदा हलवले. यंत्रावर शून्य होते, ते मला दिसत होते, तरी हलवत होते.

अम्मींनी डोळे उघडले आणि पदर सावरत म्हणाल्या, "झोपू देशील का जरा? पहाटे चारपासून उठलेय मी तुमचे डबे करायला."

मुलाने जीप पुन्हा गिअरमध्ये टाकली. भंडारा यायला अजून अर्धा तास होता.